जुन्या पलंगपोसातून कळीदार कुडता : आधी कापड वाचावे, मग बेतावे

उभाधागा :

आईच्या घरातील कपाट आवरताना एक सुती पलंगपोस हाती आला. पांढऱ्या जमिनीवर निळी बारीक चौकडी, माप ९० इंच बाय १०० इंच, आणि वर्षानुवर्षांची धुणी सोसल्यानंतरच कापडाला येतो तसा मऊपणा. आईच्या मते त्याची पायपुसणी करायला हवी होती. मी त्यातून स्वतःसाठी कुडता शिवला, तो आज आठ महिने अंगावर आहे. या कामात मला जे कळले ते सविस्तर मांडते आहे, कारण घरातील चादरी, अभ्रे, पडदे यांपासून कपडा शिवू पाहणाऱ्या अनेकांचा हिरमोड एकाच ठिकाणी होतो, आणि माझाही पहिल्या वेळी तिथेच झाला होता.

पहिल्या वेळी मी दुसरी एक चादर घेतली होती. नव्या कापडावर जसा कागदी नमुना ठेवतात, तसाच तो चादरीच्या बरोबर मध्यभागी ठेवून मी पाठ आणि पुढा कापला. शिलाई सरळ होती, गळाही छान बसला होता. तिसऱ्या धुण्यानंतर हात वर करून फळीवरचा डबा काढताना पाठीवर, शिवणीपासून चांगल्या दोन इंच अंतरावर, कापड उभे फाटले. टीप शाबूत होती, विरलेले कापड गेले होते. त्यानंतर मला उमगले की जुन्या कापडावर नमुना ठेवायचा नसतो, तर कापड कुठे किती झिजले आहे हे पाहून त्यानुसार कपड्याचा बेत ठरवायचा असतो.

म्हणून या वेळी कात्री हातात घेण्याआधी सकाळच्या उन्हात गॅलरीतल्या दोरीवर पलंगपोस पूर्ण उघडून सोडला आणि आतल्या बाजूने उभे राहून पाहिले. जे दिसले ते मी विसरणार नाही. दोन माणसे जिथे वर्षानुवर्षे झोपली, त्या दोन जागा लांबट आणि उजळ दिसत होत्या, तिथून ऊन जवळजवळ गाळून आल्यासारखे येत होते, आणि त्या दोहोंच्या मधला पट्टा, जिथे कुणाचीच पाठ टेकली नव्हती, तो अगदी दाट होता. गादीखाली खोचले जाणारे दोन्ही कडेचे भागही तसेच दाट होते. निळ्या खडूने मी सीमा आखून घेतल्या. रुंदीत मोजले तर कडेला १७ इंच चांगले, मग २० इंच विरलेले, मध्ये १६ इंच चांगले, पुन्हा २० इंच विरलेले आणि शेवटी १७ इंच चांगले, असा हिशेब आला.

आता या तीन अरुंद पट्ट्यांत आजकालच्या पद्धतीचा, खोल मुंढ्याचा (बाही जोडण्याच्या गोलाईचा) आणि रुंद पुढ्याचा कुडता बसणे शक्यच नव्हते. परंतु आपला जुना कळीदार कुडता अशाच अरुंद तुकड्यांचा असतो. मध्ये एक सरळ पट्टा, दोन्ही बाजूंना खाली रुंद होत जाणाऱ्या कळ्या, सरळ आयताची बाही आणि काखेत चौबगला, म्हणजे लहान चौकोनी तुकडा. कापड हातमागावर कमी पन्ह्याचे विणले जाई, त्या काळातील ही बेतणी आहे, आणि म्हणूनच तीत कापड जवळजवळ वाया जात नाही. माझ्या पलंगपोसाच्या तीन पट्ट्यांना ती अशी बसली, जणू त्यांच्यासाठीच ठरवली होती.

मधल्या १६ इंची पट्ट्यातून १५ इंच रुंद आणि ८२ इंच लांब असा एकच सलग तुकडा काढला. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच माया (शिवणीत जाणारे जास्तीचे कापड) धरून तयार रुंदी १४ इंच, आणि मधोमध घडी घालून, तळाची मुडपी वजा जाता, उंची ४० इंच. यामुळे खांद्यावर शिवणच आली नाही, ही मोठी जमेची बाजू ठरली, कारण जुने कापड शिवणीजवळच आधी हार मानते. कडेच्या प्रत्येक पट्ट्यातून १५ बाय ३४ इंचाचा एक आयत घेतला आणि त्यावर एक तिरकी रेघ मारून, वर साडेचार आणि खाली साडेदहा इंच अशा दोन कळ्या काढल्या. एकीचे डोके दुसरीच्या पायाशी येते, त्यामुळे चिंधीही उरत नाही. त्याच पट्ट्यांतून १७ बाय २० इंचाच्या दोन बाह्या, साडेचार इंचाचे दोन चौबगले, गळपट्टी आणि खिसा निघाला. छातीचा हिशेब असा : मधले दोन भाग २८ इंच आणि चार कळ्यांचे वरचे साडेतीन-साडेतीन मिळून १४, म्हणजे ४२ इंच. माझी छाती ३८ आहे, त्यामुळे सैल आणि सुखाचा कुडता झाला. खालचा घेर ६६ इंच भरला.

शिवण्याविषयी दोनच गोष्टी आवर्जून सांगते. पहिली म्हणजे कांजी. जुने कापड लुळे पडलेले असते, ते टेबलावर सरकते आणि उभा धागा हलला की कळी पिळवटते. तांदळाची पातळ पेज गाळून तीत पलंगपोस बुडवला, सावलीत वाळवला, किंचित ओलसर असताना इस्त्री केली आणि मगच कापला. शिवून झाल्यावर कांजी धुऊन काढलीच पाहिजे, कारण खळ राहिलेल्या कापडाला ट्रंकेत कसर लागते. दुसरी गोष्ट टाक्यांची. कापड नाजूक म्हणून टाका बारीक घ्यावा असे सहज वाटते, पण त्याने उलटाच परिणाम होतो. सुईची भोके जितकी जवळ, तितकी ती टिकीटाच्या कडेसारखी फाटण्याची रेघ तयार करतात. मी ११ नंबरची नवी सुई लावली आणि इंचाला ८ ते ९ टाके ठेवले. कळीची तिरकी बाजू नेहमी मधल्या पट्ट्याच्या सरळ बाजूला जोडावी, म्हणजे तिरक्या कडेचा ताण सरळ धागा धरून ठेवतो आणि घेर लोंबत नाही.

आपण कोणी घरातील जुन्या कापडांतून असे काही शिवले असेल तर मापांसह लिहावे, ही विनंती.


नवी_सुई :

ताई, तुमचे लेखन वाचून मी लगेच एक छापील चादर काढली आणि तुमच्या मापाने कळ्या कापल्या. चारही कळ्या एकसारख्या आल्या, पण जोडायला घेतल्यावर दोन कळ्यांची तिरकी बाजू चुकीच्या दिशेला येते. त्या उलटवल्या तर छापाची फिकी बाजू वर येते. माझी चूक नक्की कुठे झाली?


उभाधागा :

ही चूक तुमची नाही, माझ्या लिहिण्यात राहिलेली उणीव आहे, त्याबद्दल क्षमस्व. माझ्या पलंगपोसाची चौकडी विणीतली होती, छापाची नव्हे, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या होत्या आणि मी दोन कळ्या नुसत्या उलटवून घेतल्या. एका आयतातून तिरक्या रेघेने निघणाऱ्या दोन्ही कळ्या एकाच हाताच्या असतात. छापील कापडात दोन आयत छापाच्या बाजू समोरासमोर येतील असे एकावर एक ठेवून दोन्ही एकदमच कापावेत, म्हणजे दोन डाव्या आणि दोन उजव्या कळ्या मिळतात. आता कापून झालेल्या कळ्यांसाठी सुचवते : त्यांपैकी दोन वापरा आणि उरलेल्या दोन बाजूंना अभ्र्यांच्या साध्या कापडाच्या कळ्या लावा. समोर डावीकडे आणि मागे उजवीकडे साधी कळी आली, तर ती ठरवून केल्यासारखीच दिसेल.


जुनेर :

माझे वय आता ७४ आहे आणि टंकण्यास मला वेळ लागतो, तरी या विषयावर लिहिल्यावाचून राहवले नाही. उभाधागा यांनी चादर उन्हात धरून जे पाहिले, ते आमच्या घरी लुगडे आणि धोतर यांच्या बाबतीत दर वर्षी पाहिले जात असे. लुगडे मध्ये विरले की ते विरलेल्या जागी कापायचे, झिजलेला भाग काढून टाकायचा आणि दोन्हीकडचे धड भाग जोडायचे, याला दंड घालणे म्हणतात. दंड घातलेले लुगडे नेसण्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. माझी आजी दंडाची शिवण हाताने घालीत असे आणि ती इतकी सपाट असे की रात्री अंगावर घेतले तरी टोचत नसे. ती पदर जोडून आधी धावदोरा घाली, मग एक कड अर्ध्यावर कापून दुसरी तिच्यावर मुडपून हातशिलाई करी, म्हणजे कच्ची कड आत बंद होऊन जाई. जुन्या कापडाला मशीनच्या टिपेपेक्षा ही शिवण आजही अधिक मानवते, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण हाताचा टाका कापडाबरोबर थोडा हलतो.

दंडाचेही दिवस संपले की त्या कापडाला जुनेर म्हणत, आणि जुनेराचा मान घरात मोठा होता. तान्ह्या बाळाला नवे कापड घालायचे नाही, हा दंडक होता. झबले, टोपडे, दुपटे, लंगोट सारे आजीच्या लुगड्याचे किंवा आजोबांच्या धोतराचे. नव्या कापडातील खळ आणि खरखर बाळाच्या कातडीला सोसत नाही, याचा विचार त्यामागे होता. झबल्याच्या शिवणी बाहेरच्या बाजूला ठेवीत, बटणाऐवजी बंद लावीत आणि दोऱ्याची गाठ अंगाकडे येऊ देत नसत. कुंची मात्र हौसेने खणाची शिवत, पण तिलाही आतून अस्तर जुनेराचेच असे.

कुणाच्या घरी बाळ येणार असेल तर जुन्या सुती पलंगपोसाचा तो विरलेला २० इंची भाग टाकू नका. कुडत्याला तो निरुपयोगी असला तरी झबल्याला तोच सर्वांत चांगला.


उभाधागा :

आजी, आपल्या या शेवटच्या वाक्याने माझ्याकडे घडी करून ठेवलेल्या त्या दोन पट्ट्यांचा प्रश्न सुटला. मी त्यांचे काय करावे या विचारात होते. बहिणीला पुढच्या महिन्यात बाळ होणार आहे. बंदांची लांबी किती ठेवावी, तेही कृपया सांगावे.


जुनेर :

बंद चार इंचांहून लांब ठेवू नये, लांब बंद बाळाच्या हाताबोटांत गुंततात. गळ्याशी मुळीच बंद नको. बंद कडेला, बगलेखाली बांधावेत आणि मुळाशी दुहेरी टाका घालावा. बाळ-बाळंतिणीस आशीर्वाद.


मागवाला :

माझे लहानपण सोलापुरात मागांच्या आवाजात गेले, त्यामुळे सोलापुरी चादरीविषयी थोडे लिहितो. या चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि ती जुनी झाली तरी तिचा जीव सहजी जात नाही. मी माझ्या मुलासाठी अशाच एका मयूरपंखी नक्षीच्या चादरीचे बिनकॉलरचे जाकीट शिवले. साध्या पलंगपोसाचे नियम इथे लागू पडत नाहीत. चादर जाड सुताची आणि जॅकार्डवर, म्हणजे विणीतच नक्षी उमटवणाऱ्या मागावर, विणलेली असते आणि तिची नक्षी दोन्ही बाजूंना उलट रंगांत उमटते. एका बाजूला मरून रंगाच्या जमिनीवर पांढरा मोर असेल, तर दुसऱ्या बाजूला पांढऱ्या जमिनीवर मरून रंगाचा. या गुणाचा उपयोग करून मी जाकिटाच्या पुढच्या कडा आणि बाह्यांची टोके बाहेरच्या बाजूस दुमडली. वेगळी पट्टी न लावता उलट रंगाची किनार मिळाली.

अडचण एकच, पण मोठी आहे. कापल्याबरोबर कडेचे सूत सुटू लागते आणि तासाभरात अर्धा इंच माया झडून जाते. म्हणून खडूने आखल्यावर, कापण्याआधीच, रेघेच्या आतून पाव इंचावर मशीनची एक टीप फिरवून घ्यावी आणि मगच कात्री लावावी. माया एक इंच धरावी. सुई १६ नंबरची, आणि जिथे चार पदर एकत्र येतात तिथे १८ नंबरची लावून चाक हाताने फिरवावे. मी पहिल्याच सांध्यावर पायडल जोरात मारले आणि सुई मोडून तिचे टोक बॉबिनच्या खोबणीत गेले, ते काढण्यात एक संध्याकाळ गेली. आतल्या कडांना जुन्या अभ्र्याची उरेब (तिरक्या धाग्यात कापलेली) पट्टी लावली. ओव्हरलॉक करून घेण्यापेक्षा ती पट्टी जास्त टिकते आणि आतून जाकीट पाहताना मन प्रसन्न होते.


उभाधागा :

कापण्याआधी टीप फिरवण्याची ही युक्ती मी पातळ पडद्याच्या कापडावरही करून पाहीन. मोराची मान दोन्ही पुढ्यांवर समान उंचीवर आणण्यासाठी तुम्ही कापड दुहेरी करून कापले की एकेरी?


मागवाला :

एकेरीच. इतके जाड कापड दुहेरी करून कापले तर खालचा पदर सरकतो. एक पुढा कापला, तो उरलेल्या चादरीवर उलटा ठेवून नक्षीवर नक्षी जुळवली, टाचण्या लावल्या आणि मग दुसरा कापला.


लेस्टरहून :

इथे इंग्लंडमध्ये चादरीला दंड घालण्याचीच पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घरोघरी होती, हे वाचकांना सांगावेसे वाटते. १ जून १९४१ पासून इथे कपड्यांवर रेशनिंग आले आणि ते १९४९ पर्यंत राहिले. मध्ये विरलेली चादर उभी कापून, कडा मध्यभागी आणून जोडण्याचा सल्ला त्या काळी गृहिणींना दिला जाई. शेजारच्या वृद्ध बाईंनी मला तशी एक चादर दाखवली तेव्हा मला आमच्या घरच्या धोतराचीच आठवण झाली.

इथे जुन्या वस्तूंच्या दुकानांत लिननचे, म्हणजे अळशीच्या सुताचे, जुने टेबलक्लॉथ मिळतात. त्यातून मी उन्हाळी पोलके शिवले. त्या कापडाच्या घडीच्या रेघांकडे लक्ष द्यावे. वर्षानुवर्षे एकाच जागी घडी पडल्याने तिथला धागा मोडलेला असतो, तो भाग पुढ्यात येऊ देऊ नये. आणखी एक सावधगिरीची सूचना : आताच्या चादरींत बहुधा पॉलिएस्टरची भेसळ असते. कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून, पाण्याच्या वाटीवर जाळून पाहावा. सुती धागा कागद जळाल्यासारखा वास देतो आणि मऊ राख उरते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कठीण मणी होतो. मिश्र कापड टिकते खूप, पण अंगाला घाम येणाऱ्या हवेत त्याचा कुडता सुखाचा होत नाही.


हिशेबी :

एक प्रामाणिक शंका विचारतो. उभाधागा यांना हा कुडता शिवायला किती तास लागले? बाजारात तयार सुती कुडता सहज मिळत असताना, आधीच अर्धे आयुष्य संपलेल्या कापडावर इतके श्रम करणे योग्य आहे का? आणि तो आणखी किती काळ टिकेल?


उभाधागा :

प्रश्न रास्त आहे. पाहणी, कांजी, इस्त्री, बेतणे आणि शिवणे मिळून मला चार दिवस दुपारी बसावे लागले, सुमारे १४ तास. पैशांचाच हिशेब मांडला तर तयार कुडता स्वस्त पडेल, हे मी नाकारत नाही. परंतु कापड अर्धे संपलेले होते असे म्हणणे मात्र मला पटत नाही. पलंगपोस संपला होता, कारण त्याच्या दोन जागा संपल्या होत्या. उरलेल्या ५० इंच रुंदीच्या कापडाने आपले अर्धे आयुष्यही जगलेले नव्हते, ते गादीखाली खोचून पडले होते. शिवाय ते जितके आटायचे तितके आधीच आटलेले होते आणि रंगही जितका जायचा तितका गेलेला होता, त्यामुळे पहिल्या दिवशीचे माप आजही तेच आहे. दुकानातून आणलेल्या नव्या सुती कुडत्याविषयी ही खात्री मला कधी देता आलेली नाही.


हिशेबी :

उत्तर पटले. आमच्याकडे आईच्या हातचे भरतकाम असलेले सहा अभ्रे पडून आहेत, पण त्यांवर डाग आहेत. त्यांचे काही करता येईल का?


जुनेर :

डाग कशाचे आहेत ते आधी पाहावे. हळदीचे असतील तर साबण लावून घासू नये, साबणाने ते लाल होतात. नुसत्या पाण्याने ओले करून कडक उन्हात दोन-तीन दिवस टाकावे, हळद उन्हाने उडते. ट्रंकेच्या गंजाचे तांबूस डाग असतील तर लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवावे आणि नंतर भरपूर पाण्याने खळबळून काढावे, रस कापडात राहू देऊ नये. भरतकामाचा रंग जातो का हे आतल्या टोकावर आधी तपासावे. भरतकामाचा भाग मुलीच्या झग्याच्या योकला (छातीवरच्या वेगळ्या जोडलेल्या भागाला) किंवा कुडत्याच्या गळपट्टीला लावता येतो. तो कापताना फुलाच्या कडेपासून एक इंच सोडून कापावा, आईचे टाके सुटता कामा नयेत.


नवी_सुई :

मी माझी अडचण सोडवली. ताईंनी सांगितल्याप्रमाणे दोन साध्या कळ्या लावल्या. आता नवी शंका आहे. कापडाचा दम पाहण्यासाठी मी चादरीचा तुकडा ओला करून दोन्ही अंगठ्यांनी ओढून पाहिला होता, तेव्हा तो मजबूत वाटला. वाळल्यावर तोच तुकडा ओढला तर करकर आवाज करत फाटला. असे का झाले?


उभाधागा :

सुती धागा ओला असताना सुक्यापेक्षा अधिक बळकट असतो, म्हणून ओल्या कापडाची परीक्षा फसवी ठरते. नेहमी कोरड्या कापडावरच पाहावे. दोन्ही अंगठे एक इंच अंतरावर ठेवून आधी उभ्या आणि मग आडव्या धाग्याच्या दिशेने ओढावे. आवाज आला तर ती जागा खडूने खोडून टाकावी. तुमचा तो तुकडा चादरीच्या कोणत्या भागातला होता, हे पाहून सांगा. मधला असेल तर चिंता नाही, कळ्या कडेच्याच आहेत ना?


नवी_सुई :

तुकडा मधलाच होता. कळ्या कडेच्या आहेत, पण एक बाही विरलेल्या भागाच्या सीमेवरून कापली गेली आहे.


उभाधागा :

मग ती बाही अशीच लावू नका. तिला कोपरापासून वर आतून अभ्र्याच्या मऊ कापडाचे अस्तर लावा. अस्तर तिरक्या धाग्याने नव्हे, बाहीच्याच उभ्या धाग्याला उभा धागा जुळवून बेता, आणि दोन्ही पदर एकत्र धरून दोन-दोन इंचांवर लांब धावदोऱ्याच्या उभ्या रेघा घाला, म्हणजे जोर दोन्ही कापडांवर वाटला जाईल. माझ्या कुडत्याला सहाव्या महिन्यात उजव्या खिशाच्या तोंडाशी एक लहान चीर गेली, तिथे मी हेच केले. आतून त्याच पलंगपोसाचा सुपारीएवढा तुकडा ठेवला, चौकडीवर चौकडी जुळवली आणि पांढऱ्या दोऱ्याने कडेने हातशिलाई केली. त्यानंतर तो अनेकदा धुतला आहे, तुकडा जागेवर आहे.